खुनाला पक्का निळा

आमच्या कॉलेजच्या रहस्यपटातला खून मी रंगवायला नेला होता, हे तुम्हाला खोटं वाटेल. शूटिंग भर दुपारी झालेलं आणि खून दाखवायचा रात्रीचा. फिल्म काळी-पांढरी, संकलनाचं, म्हणजे कापाजोडीचं काम माझ्याकडे. दिग्दर्शक सुधीर म्हणाला, "तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून आण, झाली रात्र!" दुसरी कॉपी नव्हती आणि संध्याकाळी गॅदरिंगमध्ये खेळ.

साड्यांचं सूत रंगवणाऱ्या नरसय्यामामांनी फिल्म उजेडात धरली. "मागं काळ्या कपड्यातला कोण हाय?"

"खुनी."

"आन ही पोरगी?"

"आमची शालू. ती मरते, मामा."

फिल्म रंगात गेली ती बाहेरच येईना.

"मामा, पुरे की!"

"पक्का रंग पायजे न्हवं?"

संध्याकाळी पडद्यावर खुनी दिसेचना! चौकटभर गडद निळा अंधार आणि त्यात फिकट साडीतली शालू एकटीच चाललेली. सुधीर पुटपुटला, "मेलो!" पण हॉलमध्ये चिडीचूप. खुनी कुठून येईल या धास्तीनं आधी मीच किंचाळले, मग सगळा हॉल किंचाळला. टाळ्या थांबेनात.

मागच्या बाकावरून नरसय्यामामा ओरडले, "उगं कशाला भ्याता? मी त्याला ठिवलाच न्हाय की!"