सरूताईंनी उतरवून घेतलेला निकाल

अमडापूरच्या माझ्या माणसांनो, आणि खामगाव, देऊळगाव राजाहून आलेल्या सरूताईंच्या मैत्रिणींनो,

कोर्टात बोलायची सवय आहे मला. आज सरूताईंच्या शोकसभेत मात्र शब्द कागदावर लिहून आणलेत. सांभाळून घ्या.

सरूताई पहिल्यांदा चिखलीच्या माझ्या ऑफिसात आल्या, तेव्हा हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथीयांबद्दल निकाल दिल्याची बातमी. म्हणाल्या, बातमी नको, निकाल पुरा पायजे. मी सांगितलं, तो फार मोठा आहे, इंग्रजीत आहे. त्या म्हणाल्या, मंग थोडा थोडा सांगा.

आणि दर सोमवारी एस.टी.नं येऊ लागल्या. सातवी शिकलेली बाई. मी मराठीत सांगायची, त्या वहीत उतरवून घ्यायच्या. न समजलेलं वाक्य पुढं जाऊ द्यायच्या नाहीत. किती वेळा मलाच पुस्तक उघडावं लागलं!

एका सोमवारी नेपाळचा उल्लेख आला, पाकिस्तानचा आला. त्यांनी पेन थांबवला. तिकडच्याही आपल्यासारख्यांचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला होता का, असं विचारलं. मी हो म्हटलं. दोन्ही देशांची नावं वहीत लिहिली. मग म्हणाल्या, "मंग मले बुलढाण्यापर्यंत जायाले काय झालं?"

गेलो आम्ही, जिल्ह्याच्या कचेरीत. तृतीयपंथी म्हणून ओळखपत्राचा अर्ज दिला. खिडकीवरच्या माणसानं डॉक्टरचा दाखला मागितला. मी बोलणार, तोच सरूताईंनी माझा हात दाबला.

"साहेब, मी कोण हाय हे सांगायचा हक्क कोर्टानं मले देला. डॉक्टरले नाही देला."

आवाज चढला नाही. वही न उघडता त्यांनी निकालातला तो भाग सांगितला. सगळा. मागच्या रांगेतली माणसं ऐकायला पुढं सरकली. आतून अधिकारी आले, त्यांनी नियम काढून वाचला आणि सरूताईंना खुर्ची दिली. मी वकील, मी उभीच होते. इतकी वर्षं राज्यघटना वाचतेय मी. त्या दिवशी ती बोलताना ऐकली.

कार्ड आलं, तेव्हा त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "तुम्ही वाचा. दुसऱ्याच्या तोंडून ऐकू द्या मले." मी वाचलं. सरू. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

त्यानंतर इथं बसलेल्या कितीजणींबरोबर त्या त्याच खिडकीवर गेल्या, हे तुम्हीच जाणता.

आता एकच सांगते, त्यांच्या भावाला विचारून सांगते. दादा मागं बसलेत. वीस वर्षं बोलणं नव्हतं. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून देह ताब्यात घेताना कागदावर नातं लिहायचं होतं. नर्सनं विचारलं, मयत तुमचे कोण? दादांनी पेन उचलला. उत्तर लगेच आलं.

"बहीण हाय माही."

उठा, मंडळी. दोन मिनिटं गप्प उभं राहू. दादा, तुम्ही पुढं या. घरच्या माणसाची जागा इथं आहे.