दुसऱ्या लाठीचे उपकार

...अन् आता तुमीबी तेच इचारून राहिले! 'भोजराजभाऊ, पोलिसानं लाठी मारली ते बरोबर का चूक?' अरे बापा, मी काय हायकोर्ट आहो का? महामंडळात ड्रायव्हर होतो मी, गाडी चालवली, पोट भरलं, रिटायर झालो... पण नाइ! गोंदियाले गेलो तरी तेच, सौंदडच्या बाजारात वांगे घ्याले गेलो तरी तेच, लग्नाच्या पंगतीत बसलो तं वाढणारा बुंदी वाढता वाढता थांबते अन् कानाशी येऊन म्हणते, 'काका, नेमकी कुठी लागली होती?' अरे, तू बुंदी वाढ ना! अन् मी खरं सांगतलं, का मी त्या पोलिसाचे उपकार मानतो, तं लोक माझ्या तोंडाकडे असे पाहते जसं काही लाठी खाली नाइ, डोस्क्यावरच बसली. पण मानतो! उपकार मानतो बापा मी त्याचे, छाती ठोकून मानतो!

तुमाले सांगतो, दोन सालाआधी काय झालं. आमचं गाव चिखलटोला, हायवेले एकदम लागून. गतिरोधक नाइ, काही नाइ, ट्रक असे सुसाट जाते का घरातले गंज-भांडे वाजते. पोळ्याच्या दोन-तीन दिवस आधी शाळेतल्या एका पोट्टीच्या सायकलले ट्रकनं उडवलं, पाय मोडला बिचारीचा. लोक चिडले. चिडणारच ना! सकाळी सकाळीच बसले रस्त्यावर, काही तं काठ्या घेऊन, 'गतिरोधक पाहिजे!' इथपर्यंत ठीक... मंग कोणाच्या हातून पहिला गोटा सुटला देव जाणे, एस.टी.ची काच फुटली, एका पोलिसाचं कपाळ फुटलं, अन् मंग जे लाठ्या सुरू झाल्या बापा! ज्यायनं गोटे मारले ते धानाच्या बांधीतून पार झाले, अन् जे शांत बसले होते त्यायलेच प्रसाद भेटला.

झालं! संध्याकाळी केवळरामच्या पानठेल्यावर पार्लमेंट भरली. अर्धे म्हणते, 'हा जुलूम आहे, पोलिसाले हात उचलाचा हक कोणं देला?' अर्धे म्हणते, 'मंग काय आरती ओवाळाची?' अन् मी कोणत्या बाजूनं? हाणायच्या! अरे, बसची काच फुटली ना! तीस साल गाडी चालवली, त्या काचेमागं मी बसलो आहो, मले इचारा! मी उभा राहून म्हणलं, 'सरसकट हाणा! इचारत बसू नका!' केवळराम पानाले कात लावता लावता म्हणते, 'अन् भोजराजभाऊ, एखाद्या गरिबाले फुकट लागली तं?' मी म्हणलं, 'कायले लागन? चांगला माणूस सकाळी सकाळी हाती काठी घेऊन रस्त्यावर जातेच काऊन?'

ऐकलं ना? ध्यानात ठेवा.

अन् आता सांगतो, माझ्या घरची गोष्ट. माझी पोट्टी, प्रेरणा. पोलीस भरतीची तयारी करत होती, दोन सालापासून. सकाळी हायवेच्या कडेनं धावे, वापस आली का भिजवलेले चणे खाय, मंग पुस्तक. मायनं, म्हणजे आमच्या शामकलानं, पोट्टीच्या पायाले तेल लावून लावून घरातलं तेल संपवलं. अन् पोट्टी निवडली गेली बापा! धावण्यात पास, लेखीत पास, आता फक्त पडताळणी राहिली होती. पडताळणी म्हणजे समजते ना? ठाण्यातून इचारपूस होते, का या उमेदवारावर गुन्हा-बिन्हा आहे का. एक गुन्हा... एकच... लागला, का दोन साल मातीत. ते धावणं मातीत, ते चणे मातीत. म्हणून शामकलानं तिले बजावलं होतं, 'हायवेवर काय होऊन राहिलं ते पाहाले पण नोको जाऊस.' गेली नाइ. गुणाची पोट्टी.

मंग पोळा झाला. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमची मारबत. तुमी तिकडचे, तुमाले माहीत नसन... सकाळी सकाळी सारं गाव उठते, दारातल्या पळसाच्या फांद्या उचलते, हाती काठ्या घेते, धानाच्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, एक पुतळा करते, त्याले आमी बडग्या म्हणतो, त्याले बदाबदा हाणत गावाच्या शिवेवर नेते अन् जाळते. सारे ओरडते, 'इडा पिडा, खासी खोकला, ढेकूण मच्छर, घेऊन जा गे मारबत!' गावाची सारी रोगराई शिवेबाहेर! आजाची रीत आहे. अन् बडग्याचे कपडे दर साली एका घरचे. त्या साली पाळी आमची.

शामकलानं पेटी उघडली अन् माझी ड्रायव्हरकीची खाकी भाईर काढली. शर्ट, पँट, पुरी! मी म्हणलं, 'अवो, माझी वर्दी होय ते!' ते म्हणते, 'मंग घालून दाखवा.' पोटावर बटनच नाइ लागलं. काय बोलतो? देली.

आता तुमीच सांगा, आमच्या गावात एकाच्याबी डोस्क्यात आलं नाइ... सरपंचाच्या नाइ, गुरुजीच्या नाइ, कोणाच्याच नाइ! काऊन का आमच्या गावात खाकी म्हणजे पोलीस नोहेच, खाकी म्हणजे भोजराज ड्रायव्हर! पोट्टे तं खूश, म्हणते, 'आज भोजराजकाकाले हाणाचं!' अन् मीबी हसत हसत सगळ्यायच्या समोर, हाती काठी... सकाळी सकाळी... रस्त्यावर. केवळराम बाजूले होता. तो माझ्या काठीकडे पाहे.

शिवेवर पोचलो. बडग्या बांधला बाभळीले. हाणून राहिलो, ओरडून राहिलो, कोणं तरी पायाले आगपेटी लावली... अन् वळणावरून पोलिसायची गाडी आली. बंदोबस्ताची. पुरे पोट्टे पार साताऱ्याकडले, अदल्या हप्त्यात आलेले, त्यायले मारबत काय ठाऊक? त्यायनं काय पाहिलं? हायवेवर गोटे पडले त्याच गावचे लोक, हाती काठ्या, झाडाले खाकी पुतळा, त्याले मारून राहिले, जाळून राहिले, अन् वरून घोषणा! तुमी असते तं तुमाले काय वाटलं असतं? खरं सांगा!

गाडीतून आवाज आला, 'धरा रं ह्यांना!' अन् मंग लोक पळाले. सारे पळाले. मी नाइ पळालो, कायले का मी बडग्याची आग इझवत होतो, शर्टाचा खिसा जळत होता ना माझा! अन् मागून बसली. एकच. पण बापा... कमरेच्या खाली, जिथं माणूस बसते नेमकी तिथंच. मी पालथा पडलो. मान वळवून पाहिलं तं वर एक कोवळा पोट्टा, कपाळावर पट्टी, डोळे लाल, अन् हातातली लाठी दुसऱ्यांदा वर गेलेली. मी हात आडवा धरला अन्... ओरडणं आलं आमच्या प्रेरणाचं, 'सर, माझे बाबा आहेत!' धावाले गेली होती ना, तिकडूनच आली, अन् सरळ माझ्या अंगावर पडली, पोट्टी, लाठीखाली!

तुमाले सांगतो, ते लाठी जर खाली आली असती... तिच्या हातावर आली असती, गुडघ्यावर आली असती... कुठी राहिली भरती अन् कुठी राहिली पोट्टी! पण नाइ आली. त्या पोट्ट्याचा हात वरच थांबला. मारलेली लाठी तं सारे मोजते हो, पेपरात येते, मोबाईलवर येते. न मारलेली कोण मोजते? मी मोजतो. उपकार मानतो बापा मी त्याचे!

पण आमचं नशीब एवढं साजरं कुठी? उचललं! मले, पळता पळता धरलेल्या केवळरामले अन् सरपंचाले, अन् प्रेरणाले पण. अन् सोबत अर्धा जळलेला बडग्या, पुरावा म्हणून! ठाण्यात नेलं, बडग्या उभा केला साहेबाच्या खुर्चीमागं भिंतीले टेकवून, अन् आमाले बाकड्यावर बसा म्हणलं. केवळराम बसला. मी म्हणलं, 'मी उभाच बरा.'

साहेबबी साताऱ्याकडलाच. म्हणते, 'कुणाचा पुतळा जाळत हुता रं? पोलिसाचा व्हय?' मी म्हणलं, 'नाइ साहेब, ड्रायव्हरचा होय.' 'कुठल्या ड्रायव्हरचा?' 'माझाच.' 'म्हंजी सोताचा पुतळा सोताच जाळताय? आन् काठ्या बी सोताच मारताय? मला काय येडा समजलाय का?' आता याले कसं समजवाचं? प्रेरणा कोपऱ्यात उभी, साहेबाच्या टेबलावरच्या पेनाकडे पाहून राहिली. तो पेन उघडला का तिचं सारं बंद. माझी तं लाठीची जागा दुखाचीच थांबली हो, छातीच दुखून राहिली.

तेवढ्यात ड्युटीवर आला हवालदार बकाराम. हा आपल्याकडला, चिचगडचा माणूस, जंगलात अस्वल समोर आलं तरी रस्ता नाइ सोडत. त्यानं उंबरठ्यावर एक पाय ठेवला, खुर्चीमागचा बडग्या पाहिला, अन् पाय वापस घेतला! 'साहेब... मारबत आत कोणं आणली?' साहेब म्हणते, 'मुद्देमाल हाय त्यो!' बकाराम म्हणते, 'मुद्देमाल नोहे साहेब, पुऱ्या गावाची रोगराई होय ते. शिवेबाहेर टाकाची ते तुमी घरात आणून खुर्चीमागं ठेवली!' अन् गेला भाईर, कडुलिंबाखाली. त्याच्या मागं लिहिणारा गेला. वायरलेसवाला गेला. दारावरची बाई गेली, जाता जाता साहेबाले म्हणते, 'सर, तुमच्या घरी लहान लेकरू आहे ना? सांभाळा.'

साहेब ओरडला, 'अंधश्रद्धा हाय ही!' अन् ओरडता ओरडता... आऽऽक्छी! तणसाचा धूर हो, दुसरं काय? पण शिंक म्हणजे शिंक! एक झाली, दुसरी झाली, नाक लाल, डोळे लाल, अन् खिडकीतून बकाराम शांतपणे म्हणते, 'खासी खोकला सुरू झाला. आता ढेकणाची वाट पाहा.' आता गुन्हा लिहिन कोण? लिहिणारा झाडाखाली, अन् साहेब शिंकून शिंकून बेजार!

शेवटी साहेबानं त्या कपाळपट्टीवाल्या पोट्ट्याले बोलावलं. स्वप्निल त्याचं नाव. 'तू सांग रं. ह्यांनी दगड मारला? अंगावर आले?' आता पाहा, त्यानं नुसतं 'होय' म्हणलं असतं तं खेळ खतम. त्याचं कपाळ आमच्याच हायवेवर फुटलं होतं, त्याले राग नसन का? त्यानं खाली पाहिलं अन् म्हणते, 'नाही साहेब. कुणी काही केलं नाही. काठ्या बघितल्या आन् मला परवाचंच आठवलं. भ्यालो मी. न विचारताच मारलं.' अन् माझ्याकडे वळून म्हणते, 'काका, चुकलं माझं.' तुमाले सांगतो, माझ्या डोळ्यातून टपकन पाणी आलं. मले 'सरसकट हाणा' म्हणताना काही नाइ वाटलं, अन् हा एवढासा पोट्टा, साहेबासमोर, सोतावर घेऊन राहिला. उपकार मानू नाइ तं काय करू? तुमीच सांगा!

साहेबानं पेनाचं टोपण लावलं. टक्! एवढा साजरा आवाज मी जिंदगीत ऐकला नाइ. 'जावा,' म्हणते, 'आन् त्यो बडग्या न्या आधी.' तं भाईरून बकाराम, 'असं नाइ जमत साहेब! ज्याच्या घरातून निघते त्यानंच ओरडा लागते.' साहेबानं इकडे-तिकडे पाहिलं, हळूच म्हणते, 'घेऊन जा गं मारबत.' बकाराम म्हणते, 'शिवेपर्यंत आवाज गेला पाहिजे.' अन् मंग साहेबानं छाती भरून घेतली, परेडचा आवाज लावला, 'खोकला, सर्दी, बदल्याऽऽ, घेऊन जा गं मारबऽऽत!' ते ऐकून त्याच्या पोट्ट्यायलेबी जोर आला! एक म्हणते 'डबल ड्युटी', दुसरा म्हणते 'नामंजूर रजा', स्वप्निल म्हणते 'दगडं गोटे', मी म्हणलं 'लाठ्या!', अन् सारे मिळून, पोलीस अन् पब्लिक, खाकी बडग्या खांद्यावर घेऊन ठाण्यातून निघाले! लोक दुकानातून भाईर येऊन पाहे. कोण कोणाच्या इरोधात आहे हेच कोणाले समजे ना!

पडताळणी झाली. कोरी! प्रेरणा ट्रेनिंगले गेली, अन् आता आपल्याच जिल्ह्यात आहे, वर्दी अशी बसते तिले का पाहतच राहावं. स्वप्निलचा सणावाराले फोन येते, 'काका, बसता येतंय का आता?' गतिरोधक? तो नाइ झाला अजून, त्याचं काही इचारू नका.

अन् परवा प्रेरणाचाच फोन. म्हणते, 'बाबा, औंदा मारबतचा बंदोबस्त माझ्याकडेच आला. काठ्या कमी आणा, गडबड करू नका.' मी गमतीनं म्हणलं, 'अन् केली गडबड तं? बापाले मारशीन का वो?' इकडे शामकला हसून राहिली, घरी आलेला केवळराम पान लावाचा थांबला. तिकडून पोट्टी एकदम साहेबासारखी म्हणते, 'नाइ बाबा. पहिले इचारीन.'

मी म्हणलं, 'अन् मंग?'

म्हणते, 'मंग तुमी काय सांगता त्यावर आहे.'

...घ्या! पोट्टीले तेल लावून लावून मोठं केलं, अन् आता घरातच जबाब तयार ठेवा लागते!