कडांची पुडी

बायको : अहो, मी केकच्या दुकानातून हात हलवत परत आले, आणि इथे ब्राउनी तयार? मघाशी मी फेटलेल्या क्रीममध्ये नुसत्या गुठळ्या होत्या!

नवरा : क्रीम चीज थंडगार होतं. जरा मऊ होऊ दिलं, मग फेटलं. खाली चॉकलेट, मध्ये क्रीम, वर पुन्हा चॉकलेट. लेकीच्या मैत्रिणी यायच्या आत कापून होईल.

बायको : तुम्ही केलंत? चहात साखर घालायची तर डबा कुठला ते मला विचारता!

नवरा : मोबाइलवर बघितलं.

बायको : आणि दर वेळी सुरी गरम पाण्यात बुडवून पुसताय, तेही मोबाइलवर?

नवरा : त्याने क्रीम ओढलं जात नाही. सरक जरा.

बायको : अहो, चारी बाजूंच्या कडा का कापल्या?

नवरा : त्या कडक होतात. पाहुण्यांना मधलेच तुकडे द्यायचे. हे घे तुला.

(कडा कागदात गुंडाळून, दोन्ही टोकं पिळून तो पुडी तिच्या हातात देतो.)

बायको : ही पुडी... दर शनिवारी आणता ती. अशीच टोकं पिळलेली, आत केकच्या कडा. ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस म्हणून! मी म्हणायचे, ही माणसं दर आठवड्याला जन्माला येतात की काय!

नवरा : ऑफिस बंद झालं. उन्हाळ्यातच.

बायको : उन्हाळ्यात? अहो, आता स्वेटर निघालेत! मग रोज डबा घेऊन जाता कुठे?

नवरा : स्टेशनामागच्या बेकरीत. आधी ट्रे घासायचो, आता भट्टी बघतो.

बायको : देवा! आणि मी खुळ्यासारखी रोज शर्टाला कडक इस्त्री करतेय!

नवरा : एप्रनखाली तोच असतो.

बायको : थट्टा नको! मला का नाही सांगितलंत? मी काय परकी आहे?

नवरा : रोज ठरवायचो गं. दार उघडताच तू विचारायचीस, ‘कसं झालं ऑफिस?’ की जीभ उचलायची नाही.

बायको : लेकीला माहीत आहे?

नवरा : कुणालाच नाही. राग आलाय ना?

बायको : भयंकर आलाय. ही पुडी ठेवा तिकडे.

नवरा : का? तुला कडाच आवडतात ना?

बायको : दुसरं काही आणलंत कधी? मधला तुकडा द्या.