सर समाधीत नव्हते

माईक जरा खाली घ्या भाऊ. मी एवढी उंच नाही.

जमलेल्या बंधू-भगिनींनो, शाळेतल्या गुरुजनांनो, सरांच्या हाताखालून गेलेल्या मुलामुलींनो. तुम्ही एवढ्या उन्हात आलात. कुणी भुसावळहून आलं, कुणी पार धुळ्याहून आलं. तुमचे आभार मानते. शोकसभेत बायकोनं बोलायची आपल्याकडे रीत नाही. तिनं पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसायचं आणि बोलणारे रडवतील तेव्हा रडायचं. मीही तशीच बसले होते. पण जो जो उठला त्यानं एकच शब्द वापरला. तो इथं मागं फळ्यावरही लिहिलाय, रंगीत खडूनं, भोवती कमळं काढून. 'समाधिस्थ'. म्हणून मी उठले. परवाच गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. आता बोलणार आहे.

सर समाधीत गेले नाहीत. सर वारले.

सकाळी नेहमीसारखे गच्चीवरच्या पत्र्याखाली पंख्यापुढं बसले होते. मी चहा घेऊन वर गेले. हाक मारली, हलले नाहीत. चौकातले डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "वहिनी, सर गेले." मला कळलं. मी काही अडाणी नाही. आणि मी पहिलं काम काय केलं? रडले नाही. जळगावला नेत्रपेढीत फोन लावला. कारण हे मला वर्षानुवर्षं सांगत आले होते, "मी गेलो की आधी फोन, मग रडणं."

का सांगत होते? यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. बोकडाचा डोळा आठवतो ना रे पोरांनो? दरसाल खाटकाकडून कागदात गुंडाळून आणायचे. आमचं घर माळकरी. मी आदळआपट करायची, "हे सोंग माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही." हे हसायचे आणि पिशवी बाहेर खिळ्याला अडकवायचे. मग वर्गात तो डोळा कापायचे. आतलं भिंग काढून वर्तमानपत्रावर ठेवायचे, अक्षरं मोठी दिसायची. पोरं ओरडायची. आणि मग हे विचारायचे, "भिंग सापडलं. पडदा सापडला. नस सापडली. आता पाहणारा कुठंय ते दाखवा." पोरं तुकडे उलटेपालटे करून शोधायची. हेही त्यांच्यात वाकून शोधायचे. तासाची घंटा व्हायची.

त्या प्रश्नासाठी हे रोज पहाटे गच्चीवर बसायचे. मी शिरपूरकडची, माझ्या तोंडात अहिराणी. मी म्हणायची, "तुमनं ध्यान म्हंजे बठ्ठी झोप शे." सगळी झोपच आहे, असं. ते म्हणायचे, "असेल. झोपेतही कोणीतरी असतंच ना, तो कोण?" कधी त्यांनी मला उत्तर सांगितलं नाही. कारण त्यांच्याकडे नव्हतं. अहो, ते स्वतः सांगायचे की नाही म्हणून! "जाणीव म्हणजे काय ते मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो." हे वाक्य त्यांनी याच हॉलमध्ये म्हटलंय. सुधाकरभाऊ, तुम्ही समोर बसून टाळ्या वाजवल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुधाकरभाऊ वीजकेंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. रविवारी आमच्या गच्चीवर विज्ञान आणि अध्यात्माचं मंडळ भरायचं, ते भाऊंनीच वाढवलं. सर प्रश्न घेऊन बसायचे आणि भाऊ उत्तरं घेऊन यायचे. ऊर्जा, कंपनं, क्वांटम. पोह्यात शेंगदाणे टाकावेत तसं प्रत्येक वाक्यात क्वांटम. सर चिडायचे नाहीत. सर म्हणायचे, "मोजून दाखव सुधाकर, मग मानतो." मी मात्र चिडायची. बशा मी विसळायची.

तर त्या सकाळी डॉक्टर खाली उतरले आणि सुधाकरभाऊ वर चढले. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, नेत्रपेढीची माणसं निघालीत. तोवर यांच्या पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा." एवढंच करायचं असतं. शाळेतल्या पोरालाही जमेल. भाऊंनी मला काय सांगितलं, ऐका. म्हणाले, "वहिनी, हात लावू नका. डोळे अर्धे उघडे आहेत, ही मुद्रा आहे. सर आत आहेत."

सर आत आहेत!

मी म्हटलं, अहो डॉक्टर सांगून गेले. तर म्हणे, "डॉक्टरला हृदय कळतं, जाणीव कळत नाही." मी म्हटलं, अंग बघा. तर म्हणे, अंग अजून गरम आहे, हीच खूण. अहो, मे महिना होता! आपल्या बोदवडची गच्ची होती! मे महिन्यात आपल्याकडे माठाखालची वाळूसुद्धा गरम लागते, तिथं माणूस गार कसा पडेल? जन्म खानदेशात गेला आणि ऊन ओळखता येईना? पुढं अंग ताठलं. मेल्यावर ताठतंच. सरांनी नववीच्या वर्गात शिकवलंय. तर म्हणे, बघा, आसन मोडत नाही. गरम होते तरी समाधी, ताठले तरी समाधी. मग मेलेला माणूस तुमच्या हिशेबानं दिसतो तरी कसा? सांगा की.

आणि मी कुठं होते? मला आत बसवलं. नव्या विधवेला आतल्या खोलीत बसवतात, भोवती बायका बसतात, तिनं उठायचं नसतं. मी दोनदा उठले. दोन्ही वेळा दंड धरून खाली बसवलं. "असं बाहेर जाऊ नये माय, लोक काय म्हनतीन?" त्या बायकांना मी बोल लावत नाही, त्यांनी आपली रीत केली. मी आतून ओरडून विचारलं, "जळगावचे आले का?" बाहेरून आवाज आला, "वहिनी, तुम्ही बसा. आम्ही पाहून राह्यलो."

पाहून राह्यले होते! माणसं आली होती. डबा घेऊन, गाडी घेऊन, एवढा रस्ता तुडवून दारात उभी होती. त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. हात जोडून म्हणे, "सर समाधीत आहेत, आज जमणार नाही." वर बासरीची कॅसेट लावली होती, उदबत्त्या लावल्या होत्या, आणि पंखा गरगर फिरत होता, त्या उघड्या डोळ्यांवर.

डोळे काही तासांतच काढावे लागतात. मग ते कुणाच्या कामाचे राहत नाहीत. दुपार कलल्यावर उदय नाशिकहून पोचला, माझा मुलगा. तो वर गेला, बापाचा हात हातात घेतला आणि खाली येऊन मला म्हणाला, "आई, आता नेऊ या." तेव्हा मला कळलं की जळगावची माणसं येऊन गेली. संध्याकाळी आम्ही डोळ्यांसकट त्यांना जाळलं. कुणीतरी दोघंजण, मला माहीत नाही कोण, कुठल्या गावची, त्यांना दिसू शकलं असतं. दिसलं नाही. याला मी अध्यात्म म्हणत नाही. याला मी चोरी म्हणते. मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा आणि जिवंत माणसाची नजर, दोन्हीची चोरी.

उदय, खाली बघू नकोस. तुला मी काही बोलत नाही, तू गाडीत होतास.

आणि तिकडे भिंतीजवळ उभे आहेत ते सरांचे विज्ञानवाले मित्र मान हलवतायत. तुम्ही नका हलवू. मघाशी तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "वहिनी, आता ठणकावून सांगा, हे देवबिव सगळं थोतांड आहे." ते मी सांगणार नाही. माझ्या घरी श्रावणात कानबाईमाता बसते, यंदाही बसेल. तिचा नारळ मी डोक्यावर घेते तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी येतं, ते कशानं येतं मला माहीत नाही, आणि यांनाही माहीत नव्हतं. हे फक्त म्हणायचे, "तुला येतं ना, मग ते खरं. कशानं, ते शोधू." तुम्हीही त्यांना रोज पहाटे बसतात म्हणून पाठीमागं हसायचात. मला ऐकू यायचं.

आता मुद्द्याचं. मघाशी जाहीर झालं की आमच्या गच्चीवर सरांच्या नावानं ध्यानमंदिर होणार. ज्या जागी देह ठेवला तिथं ओटा, वर संगमरवर, पादुका. मंडळानं ठरवलं. मला विचारलं नाही, उदयला विचारलं नाही. अहो, जो माणूस आयुष्यभर 'माहीत नाही' म्हणाला, त्याच्या पादुका करता? उद्या तिथं कोणी पोरगी येऊन विचारेल, सर कसे गेले? तुम्ही सांगाल, समाधी लागली. आणि तिचा बाप गेला की तीही त्याचे डोळे पंख्याखाली वाळवील.

नाही होणार. घर माझ्या नावावर आहे. गच्चीच्या दाराला कुलूप लावलंय. पुढच्या उन्हाळ्यात तिथं माझे बिबडे वाळतील, ज्वारीचे पापड, लसूण घातलेले. सरांना आवडायचे. ज्यांना सरांची आठवण येईल त्यांनी खाली यावं, भाजून देईन. वर कुणी जायचं नाही.

सुधाकरभाऊ, तुम्ही वाईट माणूस नाही. सर तुम्हाला आवडत होते, तुम्हाला ते जायला नको होते. मला तरी कुठं हवे होते? चाळीस वर्षांचा संसार. माझ्या हातून रोज सकाळी दोन कप चहा होतो, अजून होतो. पण माणूस गेला हे मान्य करायचं जड जातं म्हणून तो गेलाच नाही असं ठरवायचं, आणि वर त्याला विज्ञान म्हणायचं? हे मी माफ करणार नाही. आज नाही. पुढचं पुढं बघू.

बसते आता. पण आधी दोन मिनिटं उभे राहा. सगळे. म्हातारी माणसं बसली तरी चालेल. बासरी लावू नका.

आणि सुधाकरभाऊ, डोळे मिटू नका. कुणीच मिटू नका. पापण्या मिटायच्या होत्या त्या दिवशी. आज उघडे ठेवा आणि दोन मिनिटं माझ्याकडे बघा.