कपारीतलं घुमणं

(दुधनीच्या वरच्या पाड्यावरच्या जानीबाई सिल्वासाला आल्या की तिथल्या आमली भागात माझ्या ओट्यावर टेकतात. त्या बोलल्या तसं माझ्या नातवंडांसाठी लिहून ठेवलं.)

माझा जन्म पाड्यावरचाच, बाई. बाप मध काढायचा, आणि भाऊ उशिरा झाला म्हणून मलाच संगं न्यायचा, कपारीला कान लाव म्हणायचा, आत घुमत असेल तर मोहोळ, मग पाल्याचा धूर द्यायचा, माश्या पांगल्या की हात घालायचा. जानीचा कान चुकत नाही, असं सगळा पाडा म्हणायचा.

बाप गेल्यावर मी आणि धाकटा भाऊ सोन्या जायचो. एकदा होळीच्या आधी, भर दुपारी, मोठ्या कपारीला मी कान लावला. आत घुमत होतं, जाडसर, थांबून थांबून पुन्हा. काय सांगू तुम्हाला, मला वाटलं केवढं मोहोळ! सोन्या म्हणाला, ताई, माश्या येता-जाता दिसत नाहीत गं. मी म्हटलं, तू कालचा, मला शिकवतोस? धूर दिला. घुमणं वाढलं, मग बारीक झालं, मग थांबलं. एक माशी बाहेर आली नाही. सोन्यानं हात घातला आणि काहीतरी काळं, केसाळ, मऊ बाहेर काढलं. अस्वलाचं पिल्लू. मग दुसरं. दोन्ही धुरानं गुदमरून गेलेली. दूध पिताना, पंजा चोखताना ती पिल्लं तशी घुमतात, हे मला फार पुढं कळलं. बापानंही कधी सांगितलं नव्हतं.

पिल्लं परत आत ठेवली आणि समोरच्या उतारावर पळालो. उन्हं कलताना त्यांची आई आली. आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशीही तिथंच बसलेली. मग निघून गेली. आधीच अस्वलं थोडी उरलेली, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मोहाच्या झाडांखाली पाला जाळायचो, त्या आगींनी हाकललेली. ती गेली आणि पुढं डोंगरावर कुणाला पाऊल दिसलं नाही.

आम्ही कुणाला बोललो नाही. मी सिल्वासात धाग्याच्या कंपनीत लागले. मशीन सुरू झालं की तेच घुमणं, अख्खी शिफ्ट तेच. बाया म्हणायच्या, जानीबेन, बहिरी होशील अशानं. मी म्हणायचे, झाले तर सुटले.

गुडघे गेले तेव्हा पाड्यावर परतले. जंगलखात्याची माणसं आलेली, म्हणत होती, पलीकडच्या जंगलातून अस्वलं इकडं येतील, पण मोहाखाली पाला जाळू नका, वारुळं फोडू नका, त्यातली वाळवी त्यांचं खाणं, उजाडायच्या आत फुलं वेचायला जाऊ नका. सगळे हसले. लखमाकाका म्हणाला, साहेब, एवढा मान तर मी जावयालाही देत नाही. बाया चिडल्या, उशिरा गेलो तर फुलं गुरं खातील, आम्ही काय खायचं? लोक उठायला लागले. तेव्हा मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, कान, धूर, दोन पिल्लं. सोन्या मान खाली घालून बसलेला. उठलेले परत बसले. मग लखमाकाकाची काशीकाकी म्हणाली, त्या पिल्लांच्या आईचं घर आपण मोडलं, आता बोलायचं काय उरलं?

तेव्हापासून आम्ही मोहाखाली झाडू मारतो, जाळत नाही. गुरं पाळीनं राखतो. उन्हं वर आल्यावर घोळक्यानं, टाळ्या वाजवत जातो. कपारीकडची झाडं तर सोडूनच दिली. कितीतरी होळ्या गेल्या, काही आलं नाही. लोक कुरकुरले, पण काडी कुणी ओढली नाही. मग गेल्या वर्षी मोहाच्या खोडावर नखांचे ओरखडे दिसले, आणि यंदा एक अस्वलीण मोठ्या कपारीजवळ. थंडीत ती दिसेनाशी झाली. लखमाकाका म्हणाला, जाने, तुझा कान आहे, लांबूनच बघ, पिल्लं आहेत का.

गेले. खालच्या वळणावरच थांबले. वारा पडलेला. घुमत होतं, बाई. पण ते कपारीतून येत होतं, की तेव्हापासून माझ्या कानात बसलंय ते, मला सांगता येईना.

खाली येऊन म्हटलं, मोहोळ असेल, नाहीतर पिल्लं असतील, तिकडं कुणी जायचं नाही. कुणी गेलं नाही.

तुमच्या नातवंडांना माझा आशीर्वाद लिहा. जिथं असतील तिथं त्यांना बिनधुराची झोप लागू दे.