लाथ मागायला आलेली माणसं

...आणि वर म्हणतात काय, "ताई, जरा जोरात मारा हो, मागच्या वेळी लागलीच नाही." म्हणजे लाथ खायला यायचं आणि वर तिची चवही सांगायची. तुम्हाला सांगते, माझ्याइतक्या लाथा वाटलेली दुसरी बाई या जगात नसेल, आणि त्यातली एकसुद्धा माझ्या मर्जीची नाही. ज्यांना मनापासून घालावीशी वाटली, त्यांची पाठ कधी धरलीच नाही, त्याला मी काय करू?

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून पाय आधी आणि डोकं शेवटी, अशी आले. आणि पायाळू माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण निघते म्हणे. हे कुणी ठरवलं देव जाणे, पण ठरवणारा स्वतः पायाळू नसणार, एवढं मी लिहून देते.

मी इस्त्रीच्या दुकानात काम करते. दिवसभर उभी. हातात इस्त्री, उजवा पाय जमिनीवर, डावा विटेवर, कारण डावा पाय आखूड, जन्मापासून लंगडते मी. चपला शिवणारा माझ्या डाव्या चपलेला न सांगता दोन थर जास्त लावतो. तर गिऱ्हाईक येतं, टेबलावर शर्ट टाकतं, आणि कमरेवर हात ठेवून असं कोयत्यासारखं वाकडं उभं राहतं. बोलत नाही. मला कळतं. मी इस्त्री उभी करून ठेवते आणि म्हणते, "आडवे व्हा."

तिथेच, कपड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, चांगला शिकलेला माणूस चष्मा काढून पालथा पडतो. मी चप्पल काढते, लाथ देते. आणि कुठल्या पायाची, सांगा बरं? लंगड्याच पायाची, कारण चांगल्या पायावर मला उभं राहायला नको का? तो उठतो, "गेली," म्हणतो आणि शर्ट संध्याकाळी मिळेल का विचारतो. झालं. पुढचा. आडवे व्हा.

असं चाललं होतं, आणि माझ्या लेकीला दिवस गेले. पोटात मूल चांगलं, लेक चांगली, सगळं चांगलं. दिवस भरत आले तर डॉक्टरीणबाईंनी ते यंत्र पोटावरून फिरवलं, आणि म्हणाल्या, "बाळ बसलंय. डोकं वर, बूड खाली. आता फिरायला हवं होतं."

मी आपली माझ्या डाव्या चपलेकडे बघते. आणि आमच्या विहीणबाई, जावयाची आई, शेजारच्याच गल्लीत राहतात, त्यांना केवढा आनंद. "अय्या, म्हणजे पायाळू! तुमची गादी चालवणार हो नातवंड."

म्हटलं, "विहीणबाई, गादी नाही ती. पायपुसणं आहे."

त्यांना काय सांगणार? माझी आई मला सांगायची ना. पाय आले, अंग आलं, आणि डोकं अडकलं. सुईण घामाघूम. शेवटी आले ती निळी पडलेली, रडले नाही, सगळ्यांनी आशा सोडली, मग कधीतरी रडले. आईला त्यानंतर मूल झालं नाही. आणि हा पाय सुईणीने ओढला म्हणून असा झाला, असं ती मरेपर्यंत म्हणत राहिली, "मी तिला अडवायला हवं होतं गं." आणि आमच्या गल्लीचं म्हणणं काय, तर लोकांच्या पाठीत घालून घालून पाय झिजला. घ्या. मी चालायला लागायच्या आधीच झिजला का?

म्हणून मी गेले डॉक्टरीणबाईंकडे आणि स्पष्ट म्हटलं, "फिरवा त्याला. मला पायाळू नकोय."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचं बरं. म्हणाल्या, "पोटावरून हाताने फिरवून बघता येतं. कधी फिरतं, कधी नाही. नाही फिरलं तर ऑपरेशन करू. बसलेलं मूल खालून येताना डोकं शेवटी अडकू शकतं, नाळ दाबली जाऊ शकते. मला ती जोखीम नको." मी उठले, दाराकडे निघाले, तर मागून म्हणतात, "थांबा जरा. तुम्ही अशा कधीपासून चालता?"

म्हटलं, "जन्मापासून. पायाळू आहे ना मी. सुईणीने ओढला पाय."

त्यांनी मला परत बसवलं. खुबा दाबून बघितला, पाय वळवून बघितला. आणि म्हणाल्या, "ओढल्याने नसेल हो झालं. पोटात बसलेल्या मुलांचे पाय घडी घातल्यासारखे राहतात, त्यात कधीकधी खुब्याची वाटी उथळ राहते, सांधा नीट बसत नाही. मुलींमध्ये जास्त. आणि घरात कुणाला असेल तर आणखी जास्त." मी विचारलं, "मग त्याला औषध काय?" तर म्हणतात, "लहानपणी कळलं तर पट्टे. कापडी पट्टे बांधून पाय फाकवून ठेवायचे काही आठवडे. बहुतेकांचं बरं होतं."

कापडी पट्टे.

  सगळा जन्म विटेवर पाय ठेवून उभी राहिले, आणि उपाय काय, तर पट्टे. इस्त्रीच्या दुकानात चिंध्यांना काय कमी होती का?... आणि आई बिचारी सुईणीच्या नावाने झुरत गेली. जाऊ दे. सांगायचं काय होतं? हां, फिरवणं.

फिरवलं. लेक आडवी, पोटाला यंत्र लावलेलं, त्यात बाळाच्या काळजाचे ठोके घोड्यासारखे दौडतायत, आणि डॉक्टरीणबाई दोन्ही हातांनी कणीक ढकलावी तसं ढकलतायत. सरकलं हो. निम्मं सरकलं.  आणि बाळसाहेब तिथून जे मागे फिरले, ते परत आपल्या जागी जाऊन मांडी घालून बसले. डॉक्टरीणबाई घाम पुसत म्हणाल्या, "हट्टी आहे." लेक पडल्या पडल्या म्हणाली, "आजीवर गेलंय." मी म्हटलं, "गप पड."

मग ऑपरेशन ठरलं. तर विहीणबाईंची वेगळीच चिंता. त्या चक्क डॉक्टरीणबाईंना विचारतात, "पोट कापून काढलं तर ते पायाळू धरायचं की नाही? पाय आधी यायचे तर दाराने यायला हवं ना? हे म्हणजे खिडकीतून."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी बूड धरूनच काढणार आहे. धरायचं ते तुम्ही धरा, मला मूल रडताना बाहेर हवंय."

आणि रडली. लगेच. कान किटवले हो तिने. नात झाली मला. मी बाहेर बाकावर बसून ऐकलं आणि म्हटलं, रड बाई, माझ्या वाटचंही रडून घे.

पण खुबा. पुढे त्यांनी खुब्यांचा फोटो काढला, तर डावा उथळ. डावाच, बघा. माझाच. बांधले पट्टे. खांद्यावरून, छातीवरून, दोन्ही पाय बेडकासारखे फाकलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत. अंघोळीलाही नाही. ओल्या फडक्याने पुसा."

लेक बाळंतपणाला माझ्याकडेच, आणि विहीणबाई रोज नातीपाशी यायच्या; त्यांचा जीव कासावीस. "एवढ्याशा जिवाला असं जखडायचं? जरा वेळ तरी मोकळं सोडा. माझ्या नातीने काय गुन्हा केलाय?" मी रोज कामावर जाताना दम देऊन जायची, हात लावायचा नाही. त्या मान डोलवायच्या. आणि मला त्या मान डोलवण्याचा कधी भरवसा वाटला नाही.

एके दिवशी दुकानात वीज गेली. इस्त्री थंड, मी लवकर घरी. लेक आत झोपलेली. आणि बाहेरच्या खोलीत बघते तर काय... विहीणबाईंचा भाऊ, टेम्पो चालवतो, चांगला म्हशीएवढा माणूस, जमिनीवर पालथा. शर्ट वर केलेला. विहीणबाई गुडघ्यावर बसलेल्या, मांडीवर माझी नात, डावा पट्टा सोडलेला, आणि तो इवलासा पाय हातात धरून त्या त्याच्या पाठीवर टेकवतायत. "हळूच हं बाळा, मामाआजोबांची उसण गेली म्हण."

 मी चप्पलसुद्धा काढली नाही. दोन थरांच्या चपलेसकट जी लाथ घातली, पन्नाशीपर्यंत साठवलेली सगळी चीड त्या एका लाथेत गेली. टेम्पोवाला उठला तो सरळ रस्त्यावर. त्याची उसण खरंच गेली, असं तो अजून सगळीकडे सांगतो. माझ्या मर्जीची पहिली लाथ, आणि तीसुद्धा गुणाला आली. काय करायचं?

पोर उचलली, विहीणबाईंना म्हटलं, "चला." तशीच दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी पट्टे परत बांधले, पट्टा कुठे बसवायचा तिथे पेनाने खूण केली, म्हणाल्या, लगेच आणलंत ते बरं केलंत. विहीणबाई सारखं पुटपुटत होत्या, "जरासाच सोडला हो, जरासाच." बाहेरच्या बोळात मी पोरीला त्यांच्या हातात दिलं आणि दोन्ही चपला काढल्या. अनवाणी मी कुणासमोर चालत नाही. घरातसुद्धा नाही. त्या बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि परत आले. सगळे बाकावरचे बघत होते. बघू देत.

म्हटलं, "बघितलंत? हिला असं चालवायचंय का?"

 त्या पोरीला छातीशी धरून खाली वाकल्या आणि माझ्या चपला माझ्या पायाशी सरळ करून ठेवल्या. आणि त्यानंतर पोलीस बरा, असा पहारा दिला हो त्यांनी. लेकीला लंगोट बदलू देईनात. "पट्ट्याला धक्का लागेल, सरक."

शेवटी ते आठवडे गेले. परत फोटो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही खुबे सारखे. तपासायला आणत राहा, पण आता मारू दे हव्या तेवढ्या लाथा."

घरी आलो, पोरीला खाली ठेवायला मी वाकले, आणि कट्. अशी धरली पाठ की खाली वाकलेली वर येईना. तुम्हाला हसू येतंय. हसा. गल्लीतल्या सगळ्या पाठी मी सरळ केल्या, आणि स्वतःच्या पाठीत स्वतः लाथ कशी घालणार? घालून दाखवा कुणी.

लेक म्हणाली, "आई, आडवी हो."

मी म्हटलं, "पोरीच्या पायाला कुणी हात लावायचा नाही." ती म्हणाली, "कोण लावतंय? तू आडवी हो." झाले पालथी. कधी नव्हे ती. तिने पोरीला नुसतं माझ्या कडेला झोपवलं. जरा वेळ काही नाही. मग लागले. दोन तळवे. एकदा, परत एकदा... डावा आणि उजवा. सारखे. डोळे मिटलेले, मोजत नव्हते मी, नुसती ताडून बघत होते, डावा कुठे कमी पडतोय का. नव्हता पडत.

विहीणबाई वरून विचारतात, "गेली का हो?"

कुठली जायला? जशीच्या तशी. तसूभर हलली नव्हती. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की आजवर जे जे माझ्यासमोर उठून "गेली" म्हणाले, ते सगळे...

मी म्हटलं, "गेली."

एवढ्यात दारात कुणीतरी. कमरेवर हात, कोयत्यासारखं वाकडं. "ताई, नात पायाळू आहे म्हणे तुमची. आहे का घरी? म्हटलं नवा पाय, जास्त गुण येईल."

मी भिंतीला धरून उठले. पाठ धरलेली, पाय लंगडा, चप्पल सापडेना. म्हटलं, "झोपलीय ती. आणि लग्न होईपर्यंत झोपलेलीच असणार आहे. व्हा आडवे. माझीच घ्या."