संपतचा झेंडा

हेलिकॉप्टरले हवाई छत्री काहून नसते, हे मले नका इचारू राजेहो. आणीबाणीच्या आदल्या साली आसेगावात कपाशीच्या पऱ्हाटीवर हेलिकॉप्टरनं फवारणी चालू होती. आमचा संपत वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभा राहून झेंडा हलवे, अन् पायलट त्याच रेषेत येई. एका सकाळी संपतनं पायलटले हेच छत्रीचं इचारलं.

"छत्री वरच्या पंख्यातच गुंडाळली जाईल," पायलट हसला. "माझी छत्री म्हणजे तुझा झेंडा. तो हलला, की मी बिनघोर येतो."

दुपारी संपतले धुऱ्यावर नवीन ओढलेली विजेची तार दिसली. "थांबा, थांबा!" ओरडत त्यानं जीव तोडून झेंडा हलवला.

पायलट सरळ तारेत आला.

संपत आता म्हातारा झाला. पण एसटी थांबवाची असली तरी हात वर नाही करत. रस्त्यात आडवा उभा राह्यते.